थांबवायची तार

सतरा हिसके झाले.
अठराव्याला दोरी निम्म्यातच सोडून
रेमिहिओमामा इंजिनाकडे बघत बसला,
जणू ते त्याचे पैसे बुडवून
आता ओळख दाखवत नाहीये.

मागे केनाक बेट, पुढे दाल्काहुए,
मध्ये आम्ही दोघं, बटाट्यांची चार पोती,
एक रिकामा सिलिंडर
आणि ओहोटी.
वारा उत्तरेचा. चिलोएत शेंबडं पोरही सांगेल,
उत्तरेचा वारा म्हणजे तासाभरात पाऊस.

पेट्रोल आहे, मी म्हटलं. फुगा टणक लागतोय.
"पोटात अन्न आहे, ओतिलिया. चूल पेटत नाही."
पान्याने प्लग काढला. काळा, चिंब.
त्याला टोपी घातली, अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं,
लोकरीच्या कोरड्या मोज्याने धरलं
(गेल्या वर्षी उघड्या हाताने धरला होता,
खांद्यापर्यंत शिकले)
आणि म्हटलं, खेच.

काही नाही.
दुसरा प्लग. खेच.
काही नाही.

एकच मेला असता तर मी कॉइलला शिव्या दिल्या असत्या.
दोन्ही एकदम मरत नाहीत.
दोघांच्या वर कुणीतरी आहे, ते बोलेनासं झालंय.
चाकाखाली बघायचं तर पुलर हवा,
तो घरी, चुलीमागच्या खिळ्याला.
शिंपल्यांच्या शेतीचे काळे बोये
मघाशी ठिपक्यांएवढे होते,
आता त्यांच्यावरचे पक्षी मोजता येत होते.

उरली एक बारीक तार.
ही काही देत नाही.
हिचं काम एवढंच, वेळ आली की ठिणगी गिळायची.
माझ्या कमरेच्या लाल दोरीचं बटण हिच्यावर,
आणि फळीखाली मामाने बसवलेलं दुसरं,
एदूलिओच्या वर्षी.

एदूलिओ पडला तेव्हा होडी थांबली नाही.
पेट्रोल संपेपर्यंत त्याच्याभोवती फिरत राहिली.
किनाऱ्यावर आम्ही सगळ्यांनी ऐकलं.
मीच म्हणाले होते,
काय गोड चालतंय रे त्याचं इंजिन.

सगळ्या इंजिनाला वळसा घालून
शेवटी मी फळी उचलली.
बटणाचं झाकण नखाने निघालं.
आत हिरवी बुरशी, मीठ, चमचाभर समुद्र.
दोन टोकं पाण्यातून एकमेकांना भेटलेली.
म्हणजे सकाळपासून हे बटण समजत होतं
की कुणीतरी पाण्यात पडलंय,
आणि जिवाच्या आकांताने
एकेक ठिणगी गिळत होतं.

"इथेच कापते," मी म्हटलं. "कंपनीचं बटण तरी चालेल."
मामाने बोयांकडे पाहिलं. सांध्याकडे पाहिलं,
तो त्याने स्वतः वळून, डांबर लावून बांधलेला.
"कापायची नाही."
मग मुळाशी हात घालून
अख्खी तारच उपटली. दोन्ही बटणं गेली.
खेच.

निळी. टिचकीएवढी.
भर दिवसा दिसली.

प्लग बसवले. तिसऱ्या हिसक्याला खोकून,
धूर ओकून, इंजिन लागलं.
पहिले थेंब पोत्यांवर पडले.
मामाने माझी लाल दोरी सोडवली,
आता ती नुसती दोरीच होती,
एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं,
एक माझ्या पट्ट्याला,
आणि वल्हं मांडीवर घेऊन
वाटभर माझ्याकडे तोंड करून बसला.

धक्क्याला इंजिन बंद होईना.
चोक ओढून गुदमरवलं.
तो आवाज ऐकायला नको म्हणून की काय,
मामा आधीच पोतं उचलून पायऱ्या चढला होता.
दोरी ताणली गेली, तेव्हा थांबला.

शनिवारी बटण आणायला जायचंय.
दुकानदार विचारेल, एक की दोन.