काना-मात्रा नसलेलं पान

अँटवर्प. मोठ्या उपासाची दुपार.
हिऱ्यांच्या गल्लीतली अर्धी दुकानं बंद,
बाहेर एक ट्राम वळणावर दात खाते,
आत दीडशे पुरुष पांढऱ्या झग्यांत,
कालपासून पाण्याचा थेंब नाही.
तोंडांना शिळा वास येतो. देवाला तो चालतो म्हणे.

तिसऱ्या प्रहरचं पठण माझ्याकडे. अकरा वर्षं.
गुंडाळीत काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
नुसती व्यंजनं, हाडांसारखी.
स्वर आपल्या घशातून घालायचे.
म्हणजे ते वाक्यसुद्धा दर वर्षी
माझ्याच श्वासावर जिवंत होतं.

(कुठलं वाक्य, ते सांगत नाही.
ज्यांना लागतं त्यांना ठाऊक आहे.
बाकीच्यांना तेव्हा डुलकी लागलेली असते.)

वडील, हेनोख, हिरे फोडायचे.
भिंग डोळ्याला लावून आठ-आठ दिवस
एका दगडाकडे बघत बसायचे, मग एकच टोला.
म्हणायचे, प्रत्येक दगडाची नस ठरलेली.
नसेविरुद्ध मारलास तर दगड पापी ठरत नाही,
भुगा होतो फक्त.
हे त्यांनी दगडांबद्दलच सांगितलं होतं.
एलखनानचं नाव कळल्यावर
ते बूट काढून सात दिवस जमिनीवर बसले,
मी मेल्यासारखे.
आठव्या दिवशी कामावर गेले.

रेब झेलिग म्हणतात, निषिद्ध आहे ते कृत्य, माणूस नव्हे.
मी घरी जाऊन वजाबाकी करून पाहिली.
गेंटची शेवटची गाडी काढली,
ओट्यावरचे दोन कप,
जिन्यातला ओळखीचा खोकला,
तापात कपाळावर टेकलेला तळवा.
कृत्य अजून आलंच नव्हतं
आणि माणूस संपत आला होता.

आमच्या जुन्या भाषेत
ओढीला आणि घडवणाऱ्याला धातू एकच.
कुंभाराचं बोट मातीत रुतून राहावं, तशी ओढ.
मग हा ठसा कुणाचा, हे विचारायची सोय नाही.
आज तर नाहीच. आज छातीवर मूठ मारायची.
कबुलीत ‘मी’ नसतो:
आपण फसवलं, आपण लुबाडलं, आपण मान ताठ ठेवली.
या ‘आपण’मध्ये मी धरलेला आहे का,
तिसऱ्या बाकावर कुणाला विचारावं,
तर एलखनान तिथंच बसायचा.

चांदीचा हात ओळीवरून सरकतो.
त्याला एकच बोट उघडं, तेही रोखलेलं.
ते वाक्य आलं.
या वर्षी स्वर आला नाही.

वाचणारा अडला, की बाजूला उभ्या असलेल्यानं
मोठ्यानं दुरुस्त करायचं, असा नियम.
रेब झेलिग, ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
मला ऐकू जाईल एवढंच बोलले.
पहिला शब्द. थांबून, दुसरा.
आणि त्यांचा हात माझ्या बाहीवर:
ढकलत होता की धरत होता, अजून कळलेलं नाही.

मी वाचलं. सगळं.
अक्षर गाळलं असतं तर पठण बाद,
खरवडलं असतं तर गुंडाळी बाद.
आणि अगदीच जीर्ण झालेली गुंडाळी
कबरस्तानात पुरतात, माणसासारखी.

शिंग वाजलं.
तळघरात कॉफी, हेरिंगचे तुकडे, कोपरांची गर्दी.
कुणीतरी मोठ्यानं हसलं, चोवीस तासांत पहिल्यांदा.
रेब झेलिग काठीनं वाट काढत आले.
दुपारबद्दल चकार शब्द नाही.
रुमालात केकचे दोन तुकडे बांधले होते,
ते माझ्या खिशात कोंबत म्हणाले,
“गेंटला अंधार आपल्यापेक्षा दोन-तीन मिनिटं उशिरा पडतो.
त्यानंही धरला असेल ना उपास?”

मी हो म्हणालो.
पुढच्या वर्षी पठण कुणाकडे,
तेवढं विचारायचं राहिलं.