फुकट

बारा वर्षं मी साबण विकला,
ब्लँटायरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून.
फेसाला वास असतो, वासाला गिऱ्हाईक.
आता आरोग्य खात्यानं सुई दिलीय विकायला,
फुकट.
आणि फुकट म्हटलं की बाया
आधी ढिगाच्या तळचा टोमॅटो चाचपतात.

सालिमात, आंब्याखाली, अकरा आया,
अकरा फँटा, मधोमध माझा रेकॉर्डर.
"टोचलं की पोरीला मूल होत नाही म्हणे."
कोण म्हणतं?
"सगळे."
मी वहीत लिहिलं, सगळे,
आणि खाली रेघ ओढली, जणू पत्ता सापडला.

विषाणू कुठून येतो, ते कुणी विचारलं नाही.
उत्तर पान चारवर होतं, शुद्ध सरकारी भाषेत.
पण समोर बारा वर्षांच्या पोरींच्या आया,
आणि माझी जीभ
तोंडातच पान उलटत राहिली.

मग एनेलेसी बोलली, सुके मासे विकणारी.
"माझी बहीण. शेवटचे चार महिने
तिची चटई आम्ही चुलीच्या खोपीत नेली.
वास यायचा.
तिची पोरं श्वास रोखून ताट ठेवायची.
मीसुद्धा."
रेकॉर्डरचा लाल ठिपका चालू होता.
"हे तुझ्या पोस्टरवर घालू नकोस हां.
भ्यालेला माणूस दार उघडत नाही,
कडी घालतो.
एवढंच सांग, की मक्याला कुंपण
बोकड यायच्या आधी घालतात.
त्यात मक्याची बदनामी कसली?"

तीन आठवड्यांनी बाजारात
माझी चाररंगी पत्रकं मला भेटली.
पुड्या बांधत होती ती. आत उसिपा,
बाहेर ते कुंपण, तो मका.
मी चिडलो. कागदाचा दर सांगितला.
ती पुडी वळत म्हणाली,
"तुझ्या हातून कोण घेतंय?
मासे मात्र घरी नेतात,
आणि चूल पेटेपर्यंत
वाचायला दुसरं असतं काय?"

गुरुवारी शाळेत रांग.
तिची नात झिओने, बाही खांद्यापर्यंत,
नजर छपराच्या पत्र्यावर.
"दुखतं?"
साबण असता तर नाही म्हणालो असतो.
"हो," म्हटलं, "संध्याकाळपर्यंत."
तिनं हात पुढे केला,
पण चेहरा नाही वळवला.

अहवालात एक रकाना आहे:
सर्वांत प्रभावी माध्यम.
रेडिओ, पोस्टर, भोंग्याची गाडी, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि पुढे लिहिलं,
उसिपा, पाव किलो.