खर्च आणि नुकसान

कालामाच्या खाण-कचेरीत, तिसऱ्या खिडकीशी बसून
मी लोकांची घरं पास करते.
म्हणजे बिलं. ट्रकचं, वाटेतल्या एका रात्रीच्या हॉटेलचं,
बसची तिकिटं: बायको एक, मुलं दोनपर्यंत.
सामान बारा घनमीटर. तेराव्यापासून ज्याचं त्यानं.

मंगळवारी ओस्वाल्दो काल्फुमानची फाइल आली.
इलेक्ट्रिशियन. वाल्दिव्याहून. चोवीसशे किलोमीटर.
पावत्या तारीखवार डकवलेल्या,
आणि शेवटी वहीच्या कागदावर, हातानं:
लाकूडफाटा, हिवाळ्यासाठी वाळवलेला, तीन घनमीटर,
शेजाऱ्याला निम्म्या किमतीत दिला. फरक मिळावा.
गमबूट, चार जोड. तिकडे पाऊस नसतो असं कळलं.
नेच्याची कुंडी, एक. पुढे रक्कम लिहिलेली नाही.

मी लाल पेनानं रेघ मारली. मारावीच लागते.
आम्ही खर्च देतो, नुकसान नाही.
हे वाक्य इतक्यांदा बोललेय
की ते आता जिभेला पाठ आहे, मला नाही.

फोन केला. म्हटलं, एवढं मंजूर, एवढं नाही.
तो म्हणाला, बरं.
मग म्हणाला, बाई, ती दोन वर्षांची अट,
आधी सोडून गेलो तर पैसे परत, ती
कधीपासून मोजता?
पैसे जमा झाल्या दिवसापासून.
पलीकडे कोणीतरी भांडी लावत होतं, ताटलीवर ताटली.
मग राहू द्या, तो म्हणाला.
ट्रकचे मी भरलेत, ते माझ्याच अंगावर असू देत.
बायको अजून रोज सकाळी खिडकी उघडते
आणि हात बाहेर काढून बघते.

मागणी मागे घ्यायचा फॉर्म आहे आमच्याकडे.
त्यात कारणांचे पाच चौकोन.
हे कारण पाचांत नाही.

जेवणाच्या सुट्टीत कपाटातून माझीच जुनी फाइल काढली.
कास्त्रोहून कालामा. शिलाई मशीन एक, पाय तुटका, नामंजूर.
लाल रेघ कुणाची, सही लागत नाही.
अकरा वर्षं झाली. म्हणजे माझी अट
नऊ वर्षांपूर्वीच सुटली होती.
कुणी कळवलं नाही. कळवायची पद्धत नाही.
त्या दिवशी मी बहुधा याच खिडकीशी
कुणाचे तरी घनमीटर मोजत असेन.

काल्फुमानची फाइल खालच्या खणात ठेवलीय.
तीस दिवस ठेवता येते.
आता जून, म्हणजे इथला कडक हिवाळा,
रात्री नळातलं पाणी गोठतं,
आणि जाळायला लाकूड इथे कुठेच मिळत नाही,
हे त्याला सांगायचं राहिलं.