तीन पॉइंट तीन

पायसान्दूच्या लोकर गोदामात
नवा संगणक आला, म्हणजे कुणाचा तरी जुनाच,
आणि वजनकाट्याचा प्रोग्रॅम सुरू होईना.
काळा पडदा. एकच ओळ :
डॉसची आवृत्ती चुकीची आहे.
खाली लुकलुकती रेघ,
दारात उभं राहून चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखी.

बाहेर ट्रक. वॉशिंग्टन टपावर बसून माते ओढतोय.
आत मी, सुल्मा, दुरुस्तीवाली,
खिशात सात फ्लॉपी, कामाच्या दोन.

प्रोग्रॅम ओलेगारिओनं लिहिलेला, एकोणनव्वदच्या हिवाळ्यात.
जागा होताच तो आधी विचारतो :
तू तीन पॉइंट तीनच ना?
समोरचा सहा म्हणाला की तोंड फिरवतो.
भांडण नाही. मोडलेल्या सोयरिकीसारखा गप्प.

यावर एक आज्ञा आहे, सेटव्हर.
ती एक यादी ठेवते,
कुणाला काय सांगायचं त्याची.
बाकी सगळ्यांना खरं.
ह्या एकाला, तीन पॉइंट तीन.

ओलेगारिओची एदेल्मिरा पावत्या लावत होती.
काय लिहिलंस? तिनं विचारलं.
म्हटलं, खोटं.
ती हसली नाही.
शेवटच्या वर्षी रोज सकाळी विचारायचा, कितवं साल?
आधी मी खरं सांगायची.
एकोणनव्वद म्हटलं की उठून दाढी करायचा.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं,
यादी त्याशिवाय लागू होत नाही.
हिरवी अक्षरं आली, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट.
टाळ्या वाजवल्या नाहीत, बरंच झालं,
पहिलाच गठ्ठा एकवीस किलो भरला.

गठ्ठा अजून साखळीवर झुलत होता.
तो स्थिरावेपर्यंत थांबायचं म्हणून
ओलेगारिओ तीस हजारांपर्यंत मोजायला लावायचा.
त्याच्या मशीनला चार सेकंद लागत.
हे पापणी लवायच्या आत मोजून मोकळं.
आवृत्तीबद्दल खोटं बोलता येतं.
वेगाबद्दल नाही.

टर्बोचं बटण बंद केलं. तरी घाईच.
मग एक छोटा प्रोग्रॅम चढवला,
ज्याचं काम काहीच न करणं, पण सारखं.
माउसचा ड्रायव्हर काढून त्याला जागा दिली.

दुसरा गठ्ठा. साखळी कुरकुरली, थांबली.
एकशे सत्त्याऐंशी.

एदेल्मिरानं पावती फाडली, उजेडात धरली.
तारीख : एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
मशीनची बॅटरी मेलेली.
मी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर काढला.
राहू दे, ती म्हणाली,
तेवढं मी पेनानं करते.