पान लागणे : पाहा

बेळगावात, इस्पितळाच्या तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीमागे माझं टेबल.
जिना उतरताना आधी फिनाइल येतं, मग जुन्या कागदाचा वास,
मग ईरण्णा हुक्केरी, चष्मा कपाळावर,
वरून आलेले केसपेपर मोठ्यानं वाचत,
अर्धे कानडीत, अर्धे माझ्यासाठी.

काम एका ओळीचं :
माणूस जे बोलला त्याला पुस्तकातलं नाव देणे.

अंगावरून वारं गेलं : पाहा पक्षाघात.
उब्बस : पाहा दमा.
धाप : पाहा दमा; हेही पाहा हृदय.
कामाले, कावीळ : मथळा एक, दारं दोन.
ज्वर दोघांचाही. ज्वरापाशी आम्ही चहा घेतो.

मेणसे डॉक्टर सांगायचे,
काय आहे ते नंतर लिही, आधी काय नाही ते लिही.
खोकला म्हणजे ठसका नव्हे.
चक्कर म्हणजे अंधारी नव्हे.
अंधारी म्हणजे –
इथं ते थांबले
आणि पेनाचं टोपण शोधत राहिले.

पोटात गोळा उठतो, म्हणते खानापूरची बाई.
हा गोळा कुठल्या फांदीला टांगू?
आतडं, गर्भाशय, की धास्ती?
मी तिन्हीकडे एकेक कार्ड टाकते.
नियमात बसत नाही. गोळाही बसत नाही.

कंग्राळीचा म्हातारा : दुखूलालंय, पण कुठं ते घावत नाही.
ईरण्णा म्हणतो, लिही, वेदना, इतरत्र अनिर्दिष्ट.
केवढी वस्ती आहे त्या पत्त्यावर.

एका वर्षी वरून आकडे मागवले :
सर्पदंश, तालुकावार, मागची दहा वर्षं.
इंजेक्शनच्या कुप्या त्यावर ठरणार होत्या.
निपाणीकडचे आकडे अगदीच थोडे.
तिकडचे साप शाकाहारी, ईरण्णा म्हणाला.
मीही हसले.

रात्री भाकरी थापताना हात थांबला.

सकाळी तंबाखूचा खण ओढला.
कच्च्या पानाची बाधा : मळमळ, घेरी, उलटी.
वखारीतल्या बाया, चाळणीवरच्या,
आणि त्यांच्यात मधूनच
बायाक्का चौगुले, बत्तीस, बांधावर, पान लागलं.
दत्तू खोत, नऊ, गवताच्या गंजीपाशी, पान लागलं.
अक्षर माझं. गोल, नव्या नोकरीतलं.

आमच्याकडे रात्री त्याचं नाव घेत नाहीत.
दिवसाही नाही, सवयीनं.
पान लागलं म्हटलं की आई आधी कंदील उचलायची.
म्हणजे मला ठाऊक होतं.
या टेबलाशी बसल्यावर तेवढं विसरले :
पान म्हणजे पान, लागलं म्हणजे बाधलं,
व्याकरणात चूक काढून दाखवा.

एकवीस कार्डं.
ईरण्णानं काही विचारलं नाही. खुर्ची ओढली,
एकेक वाचत गेला, नावाशी जरा थांबून,
शेवटचा रकाना गाळून.
मी जागा बदलत गेले.
नवव्या की दहाव्या कार्डाला त्याचा आवाज गेला.
आमच्यात, म्हणाला, हुळ मुट्टितु म्हणतात.
किडा शिवला.

मग दोघं उठलो.
कीटकदंशाचा खण खालून दुसरा, गंजलेला,
तो दोघांनी मिळूनच ओढावा लागतो.

टीप, माझ्या हातची, आता पिवळी पडलेली :
पान लागणे, किडा शिवणे, हुळ मुट्टितु –
ज्याचं नाव घेत नाहीत त्याचा दंश.
पाहा सर्पदंश.
कच्च्या तंबाखूची बाधा इथं घालू नये.
शंका आल्यास सूचिकारानं नातेवाइकांना विचारावं,
दिवसा.