क्लास एफ

आयटीआयच्या वहीत शब्द होता विद्युतरोधक.
जालन्यात खदीरमामू म्हणाले, तसलं इथं मिळत नाही.
हा लेदराइड. ही स्लीव्ह. चकाकतं ते मायलर.
अन् वॉर्निशचे हात पँटीला पुसायचे नाहीत.

एका खाचेत दोन फेजच्या तारा,
मधे बोटभर कागद.
"ह्याच्यामुळं पटतंय दोघींचं.
दिसत नाही. जळाला की वास येतो,
मग सगळे नाव घेतात."

जिनिंगच्या मोटारीची पाटी करपलेली,
अश्वशक्ती गेली, फेरे गेले,
उरलं नुसतं एफ :
एकशे पंचावन्न अंशांपर्यंत सोसेल.

मे महिना. वर पत्रा कडकड वाजतोय.
मी नव्या पाटीवर अक्षर ठोकतो.
मामू बराच वेळ बघत राहतात.

"घरी पोराच्या अन् माझ्या मधे
वीस वर्षं झाली, तीच आहे.
तिचा क्लास कोणता रे?"