पगार

दहा दिवस माझं काम एवढंच:
उशिरा येणाऱ्यांच्या पायांपुढे बॅटरीचा उजेड धरायचा,
रांग एफ, खुर्ची अकरा, सांभाळून, पायरी आहे.
बाहेर पणजीचा नोव्हेंबर, मांडवीत कॅसिनोचे दिवे,
आत पडद्यावर स्पॅनिश बोलणारं
एक धुळीचं गाव.

सिनेमा मी तुकड्यातुकड्यांनी पाहिला.
खालच्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत पळून जायच्या,
पण मधेच एखादा शब्द ओळखीचा निघे,
म्हापशाच्या बाजारात अचानक आतेभाऊ दिसावा तसा:
क्रूस.
बाल्दी.
तिथली आई रात्री मागीलदारी
बाल्दीत एक सदरा धूत होती.
पाण्याचा रंग कळायच्या आत
कुणीतरी दार उघडलं, पडदा पांढरा झाला.

मग तो पोरगा. ओठावर कोवळी मिशी,
दारात नवी कोरी गाडी. गावच्या गवयांना पैसे देऊन
स्वतःवरच गाणं रचून घेतो.
ॲकॉर्डियन वाजतं, सगळे नाचतात, आजोबासुद्धा.

आमच्याकडे गाणं नव्हतं.
शिवोलीत देवळाच्या कमानीवर
काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरं आहेत:
श्री. सगुण प्रेमानंद हळर्णकर, एकावन्न हजार.
माझा भाऊ. तेव्हा तेवीस वर्षांचा.
स्कूटरी भाड्यानं देतो, असं आम्ही सांगायचो;
सहा स्कूटरी, त्यातल्या दोन बंदच.
तरी घरावर स्लॅब पडला, दोन दारांचा फ्रीज आला,
बाबांचा गुडघा मडगावात बदलून झाला.
रात्री हणजुण्याहून तो यायचा
तेव्हा आई विचारायची, जेवलो मरे?
एवढंच. बाकीचं विचारायचं तर
इसवणाची आमटी आड यायची.
कमिटीनं शाल दिली, नारळ दिला, पावती दिली.
पुढे कोलवाळच्या तुरुंगात
त्या कमिटीतलं कोणी भेटायला आलं नाही.
अक्षरं मात्र दर दसऱ्याला पुसतात.

चौथ्या खेळाला तो शब्द आला.
म्हातारा बाप मेजावर हात टेकून
पोराला म्हणाला, हळू, जवळजवळ मायेनं,
काहीतरी काहीतरी पगार.
मी कुणाच्या तरी चपलांवर उजेड धरून तशीच उभी.
खाली ओळ आली: तुला हे फेडावं लागेल.
म्हणजे त्यांच्याकडे पगार
देणाऱ्याचा असतो.
आम्ही किती वर्षं तो घेणाऱ्याचा समजत होतो.

शेवट मी पाहिलाच नाही.
शेवटाला दारं उघडायची असतात.

दहाव्या रात्री लिफाफा मिळाला, सहा हजार,
सोबत सहीचा कागद.
शेवटची बस म्हापशापर्यंत,
तिथून फ्रांसिश्काच्या नवऱ्याची रिक्षा.
आई जागी होती. लिफाफा तिच्या हातात दिला.
तिनं उघडला नाही. दिव्याखाली धरला
आणि म्हणाली,
कसले गो हे पयशे?

चार वर्षं उशिरा, आणि चुकीच्या लेकराला.
तरी मी सांगितलं: रोजचे सहाशे, दिवसाला चार खेळ,
रांग एफ, खुर्ची अकरा, पायरी आहे.
मधे तिनं मला तोडलं नाही.
कागद दोनदा वाचला, उलटा करून पाहिला.
मग बाल्दी उचलून
एवढ्या रात्री विहिरीवर गेली.
रहाटाचा आवाज
बराच वेळ येत राहिला.